येलिसेयचं बेट

आर्सेनी लुकिच वेरेशिन पाव कापायचे तेव्हा सुरीखाली डावा तळहात धरायचे. त्या हाताला बोटं तीन. दोन बर्फानं ठेवून घेतली. तरी पावाचा कण खाली पडत नसे. तळव्यावर जमलेला चुरा मान मागे टाकून तोंडात सोडायचे आणि मग हळूच माझ्याकडे बघायचे. मी तेवढ्यात चुलीकडे तोंड केलेलं असे. दोन हिवाळे बर्फात अडकून पडलेल्या माणसाला चुरा खाताना कुणी पाहिलेलं आवडत नाही, एवढं मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

ते परत आले त्याच शरदात मी त्यांच्याकडे कामाला लागले. माझा नवरा लाकूड कापायच्या गिरणीत गेला होता. गेला म्हणजे कायमचाच गेला. माझ्याकडे दोन हात, एक ट्रंक आणि अडखळत वाचता येण्याइतकी अक्षरं उरली होती. आमच्या बंदराच्या वस्तीत, सोलोंबालात, एका नौदलाच्या कप्तानाला घर सांभाळायला बाई हवीय असं कळलं. पगार कमी आहे, माणूस विचित्र आहे, असंही कळलं. दोन्ही खरं निघालं. भर जानेवारीत ते खिडकी फटभर उघडी ठेवून झोपायचे. कोटाच्या खिशात साखरेचे खडे साठवायचे, ते मला धुण्यात सापडायचे. सरकारनं दिलेलं पदक शर्टाच्या सुट्या बटणांबरोबर एका खणात पडलेलं होतं. बटण हवं असलं की आधी पदक हाताला लागायचं.

त्यांचा जन्म तांबोवकडचा. तिथं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे बदकांचं तळं. बाराव्या वर्षी बापानं त्यांना नौदलाच्या शाळेत घातलं, कारण तिथं जेवण फुकट होतं. पहिल्या सफरीत सहा आठवडे ओकत होते, हे तेच सांगायचे. पुढं जगाला फेरी मारून आले, जपानच्या लढाईतून जिवंत परतले, आणि अडतिसाव्या वर्षी 'ल्यूबावा' नावाचं जहाज त्यांच्या ताब्यात दिलं गेलं: उत्तरेच्या बर्फाच्या कडेकडेनं पूर्वेला जायची वाट शोधा म्हणून. तेवीस माणसं घेऊन गेले, चौदा घेऊन आले. वाट सापडली नाही. दोन वर्षांत मिळालं काय, तर एक खडकाळ उथळ जागा आणि एक बेट.

बेटाला त्यांनी सुकाणूवाल्या येलिसेय मामोंतोवचं नाव दिलं. येलिसेय आमच्याच सोलोंबालाचा. परतायच्या चार महिने आधी हिरड्या सडवणाऱ्या त्या रोगानं गेला, आणि तिथं खणायला जमीन नव्हती, तर बर्फाला भोक पाडून त्याला खाली सोडला.

परत आल्यावर आर्सेनी लुकिच नऊही घरी स्वतः गेले. येलिसेयच्या आईकडे जाताना काखेत नकाशाची गुंडाळी घेऊन गेले. उस्तिन्या सावेल्येव्ना तिचं नाव. त्याच शरदात 'ल्यूबावा'ची वाट बघत बायका घाटावर जमल्या होत्या तेव्हा हीच सगळ्यांच्या पुढं होती. आमच्याकडे वारा फिरवायचा तर सत्तावीस टकले मोजतात. एकेकाचं नाव घेऊन काठीवर खाच पाडायची, मग ती काठी डोक्यावरून मागं पाण्यात भिरकावायची. आमचे टकले चोविसावरच संपले. तिनं पाद्रीच्या हाताखालच्या, टोपी न काढणाऱ्या डीकनला धरला, दोन विरळ केसवाल्यांना उमेदवारीवर घेतलं, आणि वारा फिरला. जहाज आलं. ज्याच्यासाठी तिनं टकले मोजले तो मात्र मे महिन्यातच गेलेला.

तर आर्सेनी लुकिचनी तिच्या टेबलावर नकाशा पसरला, तिचं बोट धरलं आणि बेटावर टेकवलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, डोंगर आहे का? ते म्हणाले, आहे, दोन उंचवटे आहेत, मधल्या खळग्यात बर्फ. पक्षी? पक्षीही आहेत म्हणाले. म्हातारी म्हणाली, मग बरं आहे, एकटा नाही.

तेव्हापासून दर वर्षी जूनमध्ये, संत येलिसेयच्या दिवशी, ती आमच्याकडे यायची. ज्याला कबर नाही त्याच्या नावाचं अन्न ठेवायचं कुठं? तिनं जागा ठरवली होती: आमच्या बैठकीच्या भिंतीवरचा नकाशा. येताना कॉड मासा भरलेली मोठी भाजलेली पोळी आणायची, आणि मेलेल्यांच्या नावानं करतात ती मध घातलेली गव्हाची खीर. एक चमचा खीर पाखरांसाठी खिडकीच्या कठड्यावर. मग नकाशाजवळ जाऊन बेटावर बोट ठेवायची आणि लेकाला गावच्या बातम्या सांगायची. कुणाची गाय व्याली, कुणाचं लग्न मोडलं, डीकन कसा प्यायला. सगळं सांगून झालं की वळायची आणि दोन गडी खातील एवढं जेवायची. कागदाला तिथं डाग पडला होता. पावाचा मऊ गोळा फिरवून मी तो दोनदा पुसला होता.

तिसऱ्या वर्षी, म्हणजे ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी, येलिसेयच्या दिवसाच्या चार दिवस आधी टपालात दोन पाकिटं आली. एका मोठ्या पाकिटात पूर्वेकडच्या समुद्राच्या नव्या नकाशाचं प्रूफ होतं. त्यात 'ल्यूबावा'ची सगळी मोजमापं घेतली होती. तपासून, सही करून गुरुवारच्या गाडीनं पीटर्सबर्गला परत पाठवायचं होतं. दुसरं पत्र एका तरुण अधिकाऱ्याचं होतं. तो आदल्या ऑगस्टात वाफेच्या जहाजातून तिकडं गेला होता. आर्सेनी लुकिचनी ते न्याहारीच्या वेळी वाचलं, घडी केली, पाव कापायला घेतला आणि तसाच ठेवला.

मी विचारलं, कुणी गेलं का?

"बेट गेलं," ते म्हणाले.

मग पत्र माझ्यापुढं सरकवलं. पोरगा सभ्य होता, लिहिलंही अदबीनं होतं. आपण दाखवलेल्या जागेवरून आम्ही भर दुपारी, स्वच्छ उन्हात गेलो. जमीन दिसली नाही. दोरी सोडून पाहिली, खोली त्र्याण्णव वाव, तळाशी चिखल. त्या भागात धुकं आणि बर्फाचे कडे भल्याभल्यांना फसवतात. मी हे अजून कुणाला कळवलेलं नाही. आपणच दुरुस्त करणं आपल्याला आवडेल असं वाटतं.

मी म्हटलं, मग राहू द्या की. तिथं जातं कोण? अस्वलं काही नकाशे वाचत नाहीत. ते म्हणाले, हा पोरगा गेलाच ना. मी म्हटलं, मग तुटक रेघेनं काढा, बारीक प्रश्नचिन्ह टाका, तसं करतात हे मला तुमच्याच नकाशांवरून माहीत आहे. ते काळ्या काचांचा चष्मा काढून डोळे चोळत बसले. त्यांचे डोळे तिकडूनच बिघडून आले होते, उजेड सोसायचा नाही.

तीन दिवस घरात जेवण झालं नाही म्हटलं तरी चालेल. मी करायची, ते बघायचे, मांजर जाड होत गेली. प्रूफ टेबलावर, शेजारी लाल शाईची दौत. सकाळी म्हणायचे खोडणार. दुपारी म्हणायचे, ती एकाहत्तर वर्षांची आहे, तिच्या हयातीत राहू दे, मग खोडू. संध्याकाळी म्हणायचे, आणि तोवर कुणी धुक्यात तिथं आडोसा शोधत गेला तर? आमच्याकडे जूनमध्ये अंधार पडत नाही, त्यामुळं ही संध्याकाळ फार लांबायची.

येलिसेयचा दिवस बुधवारी होता. मंगळवारी ते मला म्हणाले, "ग्लाफिरा पोतापोव्ना, तुम्ही बाई आहात. तुम्ही जाऊन सांगा तिला. उद्या येऊ नको म्हणावं."

मी म्हटलं, तुम्ही नऊ घरांत मरणाची बातमी घेऊन गेलात की.

"मरण खरं होतं," ते म्हणाले.

मी गेले. फळ्यांच्या रस्त्यावरून तीन गल्ल्या ओलांडायच्या, वाटभर वाक्यं जुळवत गेले. उस्तिन्या सावेल्येव्ना कोपरापर्यंत पिठात होती. मला बघून म्हणाली, बरी आलीस ग्लाशा, मासा धर, याचे काटे माझ्या डोळ्यांना दिसत नाहीत. मी काटे काढले. एका माशाचे काढले, दुसऱ्याचे काढले. ती सांगत होती की यंदा पोळी मोठी करतेय, लुकिच वाळलाय, गेल्या वर्षी त्याचा कोट हँगरला टांगल्यासारखा दिसत होता. मी म्हटलं, सावेल्येव्ना, एक सांगायचं होतं. ती म्हणाली, काय? मी म्हटलं, मीठ जरा बेतानं. मग तिनं मला गेल्या वर्षीच्या, पाण्यात भिजवून ठेवलेल्या मोरोश्का फळांचं छोटं पिंप दिलं आणि मी ते घेऊन घरी आले.

दार उघडताच आर्सेनी लुकिचनी पिंपाकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं. आपली दोघांची एकच जात, असं काहीतरी पुटपुटले आणि आत गेले.

बुधवारी ती दुपारी आली. डोक्याला सणाचा रुमाल, हातात पोळीची टोपली. म्हातारी सगळ्यांनाच 'अरे-तुरे' करायची. राज्यपाल आला असता तरी त्याला 'तू' म्हणाली असती.

"लुकिच, तोंड असं का झालंय?" ती म्हणाली. "आजारी आहेस की लग्न ठरलंय?"

आर्सेनी लुकिच नौदलाचा गणवेश घालून उभे होते. पदकही लावलं होतं. मला ते लक्षण अजिबात चांगलं वाटलं नाही. म्हातारीनं कठड्यावर खीर ठेवली, झग्याला हात पुसला, नकाशाजवळ गेली आणि बोट टेकवलं. पहिली बातमी सुरू केली: शेजारच्या अकुलिनाच्या गायीला वासरू झालं, पायाळू.

"सावेल्येव्ना, थांबा," ते म्हणाले.

मी दारात उभी होते. हातात थाळ्या होत्या, त्या खाली ठेवायचं सुचलं नाही.

त्यांनी एका दमात सांगितलं. ते बेट नाहीये. एक जहाज त्याच्यावरून गेलं.

म्हातारीनं बोट काढलं नाही. "बुडालं?" तिनं विचारलं.

"नाही. नव्हतंच."

"तू बघितलंस ना पण? दोन उंचवटे, मध्ये बर्फ. पाखरं."

तेव्हा ते खुर्चीचा पाठीमागचा दांडा धरून उभे राहिले, आणि जे माझ्याशीही तीन वर्षांत बोलले नव्हते ते बोलले. मे महिन्यात बर्फावरच्या उन्हानं त्यांचे डोळे गेले होते. अकरा दिवस डोळ्यांवर पट्टी. येलिसेयचे पाय सुजलेले, त्याला उभं राहता येत नव्हतं, म्हणून त्याला डेकवर एका पेटीवर बसवायचे, आणि हे शेजारी बसायचे. त्याच्याकडे डोळे होते, ह्यांच्याकडे पाय. एका सकाळी येलिसेय म्हणाला, लुकिच, जमीन. ह्यांनी विचारलं, कशी आहे? तो सांगत गेला, डाव्या अंगाला उंच, मग खळगा, मग बुटका उंचवटा, पायथ्याशी काळा खडक. पाखरं दिसतायत म्हणाला. ह्यांनी ओळीखाली फूटपट्टी धरून, चाचपत चाचपत ते वहीत उतरवलं. कुठल्या दिशेला, ते त्यानंच सांगितलं. तिसऱ्या दिवशी येलिसेय गेला. पट्टी निघाली तेव्हा बाहेर नुसतं धुकं.

"मी वहीत लिहिलं, 'पाहिलं'," ते म्हणाले. "शपथ घेतलेला अधिकारी आहे मी. 'ऐकलं' लिहायला हवं होतं. मी 'पाहिलं' लिहिलं. त्याच्या नावाचं काहीतरी कुठंतरी असावं, म्हणून."

म्हातारीचं बोट अजून बेटावरच होतं. मग तिनं विचारलं, "त्या दिवसांत तू कसा होतास?"

"डोळे नव्हते ना."

"डोळ्यांचं नाही विचारत. मनानं कसा होतास?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी थाळ्यांकडे बघितलं.

"माझं पिस्तूल डॉक्टरनं काढून घेतलं होतं," ते हळू म्हणाले. "दोन वर्षं फुकट गेली. सहा माणसं मेली होती तोवर. सापडलं काहीच नव्हतं."

"येलिसेयला ठाऊक होतं?"

"सगळ्या जहाजाला ठाऊक होतं."

उस्तिन्या सावेल्येव्ना खुर्चीत बसली. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय, मी पाणी आणायला वळले, पण ती हसत होती. आवाज न करता, रुमालाचं टोक तोंडावर धरून.

"माझा नवरा बुडाला तेव्हा येलिसेय आठ वर्षांचा होता," ती म्हणाली. "होडी आली नाही. मी तीन आठवडे घाटावर. खाणं नाही, पिणं नाही. तर हा रोज संध्याकाळी देवळाच्या घंटेच्या मनोऱ्यावर चढायचा, आणि खाली येऊन सांगायचा, आई, शीड दिसलं. लांब आहे, पण आहे. मी विचारायची, कसं आहे रे? तर सांगायचा, करडं आहे, डाव्या कोपऱ्यात ठिगळ. दुसऱ्या दिवशी म्हणायचा, जरा जवळ आलंय, वारा उलटा आहे म्हणून वेळ लागतोय. ठिगळाचे टाकेसुद्धा सांगायचा मेला. मी त्याच्या हातचं दूध प्यायची, झोपायची. एकवीस दिवस जगवलं त्यानं मला असं."

"तुम्हाला खरं वाटायचं?"

"मला शीड नव्हतं बघायचं, लुकिच. पोर चढून जायचं ना वर, ते बघायचं होतं."

मग ती उठली, नकाशाजवळ गेली, आणि एखाद्या ओळखीच्या चोराकडे बघावं तशी बेटाकडे बघत राहिली. "मी वेडी," ती म्हणाली. "तीन वर्षं मला वाटतंय, हे तू मला दिलंस. हे त्यानं तुला दिलं होतं रे. पाखरांसकट."

आर्सेनी लुकिचनी चष्मा काढला होता. उजेडात त्यांच्या डोळ्यांना नेहमीच पाणी यायचं, त्यामुळं मला नक्की काही सांगता येणार नाही.

ते म्हणाले, मग राहू दे. मी तशीच सही करतो. कुणी विचारलं तर माझी चूक म्हणेन. मीही दारातून म्हटलं, राहू द्या, काय बिघडतं. दोघंही तिच्या बाजूनं बोलतोय असं आम्हाला वाटत होतं. म्हातारी दोघांवर अशी फिरली की माझ्या हातातली वरची थाळी घसरली.

"तुम्ही शिकलेली माणसं ना?" ती म्हणाली. "माझ्या सासऱ्याला अक्षर येत नव्हतं."

सासऱ्याची ही गोष्ट अर्धी सोलोंबाला जाणते. आमच्या श्वेत समुद्राच्या काठी टोकाटोकावर लाकडी क्रूस उभे असतात. वाचलेल्याचा नवस म्हणून किंवा गेलेल्याच्या नावानं उभारतात, पण तीच वाटेची खूणही असते. आडवी फळी उत्तर-दक्षिण, खालच्या तिरक्या फळीचं वरचं टोक उत्तरेला. धुक्यात क्रूस दिसला की माणूस घरी आला. तिच्या सासऱ्याचा भाऊ बुडाला. त्यांची आई म्हातारी, अंथरुणाला खिळलेली. तिला खिडकीतून दिसावा म्हणून सासऱ्यानं क्रूस खऱ्या टोकावर न उभारता अलीकडच्या उंचवट्यावर उभारला. दीडशे पावलांचा फरक. त्या शरदात दोन होड्या त्याच्यावर भरवसा ठेवून वळल्या आणि खडकावर गेल्या. पाच माणसं.

"सासरा कुऱ्हाड घेऊन गेला आणि तोडला," उस्तिन्या सावेल्येव्ना म्हणाली. "आई खिडकीतून बघत होती. पाद्री ओरडत मागं धावला, देवाचा क्रूस तोडतोस? सासरा म्हणाला, देव बुडत नाही, माणसं बुडतात. मी नवी नवरी होते तेव्हा. पाच घरांत जाऊन त्यानं पाय धरले ते मी बघितलंय. आता तू माझ्या पोराचं नाव तिथं उभं करणार आणि कुणाची तरी पोरं त्याच्या भरवशावर धुक्यात वळणार. त्यानं तुला जगवायला खोटं सांगितलं, लुकिच. मारायला नाही."

"खोडलं तर तिथं त्याचं काहीच उरणार नाही," ते म्हणाले. असं म्हणाले, जणू तिला नाही, स्वतःलाच.

"तिथं आहे काय?"

"पाणी."

"किती?"

"त्र्याण्णव वाव. तळाला चिखल."

 माप तिला कळत होतं. कोळ्याची बायको, सुकाणूवाल्याची आई.

"मोठं जहाज जाईल वरून?"

"कितीही मोठं."

"मग ते लिही."

त्यांनी टेबलावर प्रूफ पसरलं. कागद ताठ होता, गुंडाळीच्या सवयीनं पुन्हा पुन्हा वळत होता, आणि तीन बोटांच्या हातानं तो दबून राहीना. म्हातारीनं दोन्ही तळवे कागदावर ठेवले, कणीक थापल्यासारखे. त्यांनी लाल शाईत टाक बुडवला. बेटाभोवतीच्या रेघेवर एक फुली मारली, नाव एका सरळ रेघेनं खोडलं. तिथं लहान अक्षरात आकडा लिहिला, त्र्याण्णव, आणि आकड्याखाली चिखलाची खूण. समासात आपलं नाव, हुद्दा, आणि एक ओळ. ती मी नंतर वाचली: "मी हे बेट पाहिले नव्हते." खाली सही.

म्हातारी म्हणाली, कुठं लिहिलास आकडा, दाखव. त्यांनी तिचं बोट धरून ठेवलं. शाई ओली होती.

पुढचं इथंच सांगून टाकते, कारण ते सांगण्यासारखं फारसं नाही. नकाशा गुरुवारच्या गाडीनं गेला. शरदात पीटर्सबर्गच्या एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, धुक्याचं बेट शोधणाऱ्या कप्तानाबद्दल, शेवटच्या ओळीत एक विनोदही होता. आर्सेनी लुकिचनी तो मला वाचून दाखवला आणि विनोद बरा आहे म्हणाले. पुढच्या मोहिमेच्या यादीत त्यांचं नाव होतं, ते खोडलं गेलं. त्या तरुण अधिकाऱ्याला त्यांनी आभाराचं पत्र पाठवलं, आणि त्यानंही उत्तर लिहिलं. दोघांचा पत्रव्यवहार बराच चालला, बहुतेक बर्फाबद्दल.

पण त्या बुधवारी आम्ही तिघं जेवायला बसलो. पोळी खारट झाली होती. माझं ऐकून नाही, माझ्यामुळंच, मी बोलत असताना तिनं मीठ दोनदा टाकलं होतं.  आर्सेनी लुकिचनी तीन मोठे तुकडे खाल्ले आणि चौथ्याकडे बघितलं. उस्तिन्या सावेल्येव्ना म्हणाली, घे रे बाळा, पोळी नाकारली म्हणून कुणी पदक देत नाही. त्यांनी घेतला.

ती निघाली तेव्हा तिनं टोपली उचलायला हात पुढं केला, तर टोपली आधीच आर्सेनी लुकिचच्या हातात होती. तीन वर्षांत ते तिला कधी घरापर्यंत सोडायला गेले नव्हते. दारातून नमस्कार करायचे आणि आत वळायचे. आज टोपी घातली, काळा चष्मा चढवला आणि तिच्याबरोबर जिना उतरले.

मी खिडकीशी उभी राहून त्यांना जाताना बघत होते. फळ्यांच्या रस्त्यावर ऊन होतं. पदक लावलेला उंच माणूस हातात पोळीची रिकामी टोपली घेऊन, एका बुटक्या म्हातारीच्या चालीनं चालत होता. ती बोलत होती, तो ऐकायला वाकत होता. अकुलिनाच्या कोपऱ्यावर पोचायच्या आत ते थांबले.

"आणि बाविसाव्या दिवशी?" त्यांनी तिला विचारलं. "त्या दिवशी त्यानं काय सांगितलं?"

म्हातारीनं सांगितलं. पण तेवढ्यात वारा पलीकडं फिरला, मला ऐकू आलं नाही. मला एवढंच दिसलं, की सांगताना तिनं हात उंच करून देवळाच्या मनोऱ्याकडं दाखवलं, आणि आर्सेनी लुकिचनी चष्मा काढून, डोळ्यांवर आडवा हात धरून, वर बघितलं.